नाकाचा भरवसा

५ फेब्रुवारी

प्रिय मेव्हणे साहेब,

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस. कागदावर तुला ते जमणार नाही, म्हणून हा खटाटोप.

प्रदूषण खात्याची नोटीस आली आहे. ज्या इमारतीत वर माणसं राहतात, तिथल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांनी आपलं नेहमीचं केमिकल पुढच्या वर्षापासून वापरायचं नाही. आमच्या डोक्यावर दोन बिऱ्हाडं आहेत, म्हणजे आम्ही पहिल्याच रांगेत. नव्या परवान्यासाठी दुकानातली हवा मोजून घ्यायची, प्रशिक्षणाचा दाखला आणायचा, आणि कपडा कशात धुतला हे पावतीवर छापायचं. ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात एक बाही तरी धुतली असेल का, मला शंका आहे.

दाखला म्हणे. मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. मशीन आलं तेव्हा सोबतच्या पुस्तकातलं निम्मं मला कळत नव्हतं. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान लावलं. आज पंप मी उघडतो, गाळणी मी बदलतो. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत डाग कसला ते नाकाने सांगतो. आणि कपडा सुकला की नाही हे मी मशीनच्या घड्याळावर कधीच सोडलेलं नाही. दार उघडायचं, कॉलर नाकाशी धरायची. केमिकलचा वास गेला असेल तर कपडा तयार, नसेल तर परत आत. हा दाखला कोणतं खातं देणार?

धंदा तसाही बदलला आहे. लोक घरी बसून काम करतात, कोट कपाटात लटकून असतात. जे येतात त्यांची नाकं नाजूक झाली आहेत. परवा वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्याकडून नेलेला कोट गाडीत ठेवला आणि घरी पोचेपर्यंत माझं डोकं भणभणलं." मी कोट त्यांच्यासमोर हुंगला. काही नाही. हल्ली लोकांना सगळ्याला फुलांचा वास हवा असतो, तो नसला की घाण येते म्हणतात.

तू एवढ्या मोठ्या हॉस्पिटलची लाँड्री सांभाळतोस, खात्याच्या लोकांत तुझी ऊठबस आहे. मुदतवाढ कशी मिळते तेवढं विचारून कळव.

तुझी ताई बरी आहे. अधूनमधून डोकं धरून बसते. नोटिशीचा घोर लागलाय, दुसरं काय.

तुझा दाजी

१६ फेब्रुवारी

दाजी, नमस्कार.

वाक्य तोडत नाही, पण मुदतवाढीची गोष्ट मुळातच तोडतो. मी विचारलं. मिळणार नाही. मिळाली असती तरी मी तुम्हाला घेऊ नका म्हटलं असतं.

आमच्याकडे हाच बदल तीन वर्षांपूर्वी आला. आम्हीही आधी कागदं फिरवत बसलो आणि त्यात वर्ष घालवलं. मग शेवटच्या महिन्यात घाईघाईने मशीन घेतलं, ते चुकीचं निघालं, माणसं शिकलेली नव्हती, आणि डॉक्टरांचे कोट बाहुलीच्या मापाचे होऊन परत गेले. तुमच्या हातात अजून दहा महिने आहेत. एकदम सगळं उलटंपालटं करू नका. थोडे कपडे इकडे पाठवा. आमच्याकडे पाण्याचं नवं मशीन आहे. ड्रम अगदी हळू झुलतो, साबण वेगळा, सुकवताना कपड्यात किती ओल ठेवायची तेही ठरवता येतं. काय साधतं आणि काय बिघडतं हे तुमच्याच कपड्यांवर कळू दे. दुसऱ्याच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

दुसरं असं की, गिऱ्हाईक "कशात धुता" असं विचारू लागलं तर ते नखरे समजू नका. उद्या सगळेच विचारणार आहेत. आज उत्तर तयार असलेलं बरं.

आणि एक बारीक काम. ताईचं इस्त्रीचं टेबल मशीनपासून लांब, दाराजवळ घ्या. मशीनच्या दाराचं रबर शेवटचं कधी बदललं तेही कळवा.

ताईला सांगा, फोन केला की "बरी आहे" एवढंच म्हणून ठेवू नको.

तुमचा मेव्हणा

३ मार्च

साहेब,

मुदतवाढ मागितली तर प्रवचन मिळालं. असो.

टेबल हलणार नाही. वाफेची नळी भिंतीतून तिथेच निघते. ती मी स्वतः बसवली आहे, सांध्याला एक थेंब गळत नाही. तिथे उकडतं म्हणून तुझ्या ताईसाठी मागच्या भिंतीवर पंखाही लावून दिला आहे. तेव्हा तिची काळजी मला शिकवू नकोस. रबर हाताला मऊ लागतं, म्हणजे चांगलं आहे.

या पार्सलमध्ये सहा कोट आहेत. पाच गिऱ्हाइकांनी सोडून दिलेले, सहावा माझा स्वतःचा. कालच माझ्या पद्धतीने साफ करून, हुंगून बांधले आहेत. कोरा कपडा कसा असतो ते आधी बघ, मग खुशाल तुझ्या पाण्यात बुडव.

तक्रारी मात्र वाढल्या आहेत. बँकेतले मॅनेजर म्हणाले, सूट घालून मीटिंगला बसलो तर शेजारच्याने खुर्ची सरकवली. अत्तर जास्त झालं असेल, मी म्हटलं. तिसरी तक्रार आली तेव्हा मी शहाण्यासारखा एक उपाय केला. रंगाऱ्याकडून पाटी करून दाराबाहेर लावली: "आमच्या कपड्यांना कसलाही वास येत नाही." अक्षर ठळक, निळं, दोन ओळींत.

पाटी बघून तुझी ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. विचारलं तर म्हणाली, "अक्षर छान आहे." तुझ्या घराण्यातल्या माणसांचं कौतुकसुद्धा उलगडत नाही.

दाजी

१५ मार्च

दाजी,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

कोटांचं आधी सांगतो. पाच उत्तम निघाले. एकाचं अस्तर आवळलं, बाहीची कड वर ओढली गेली. तो तुमचा. लपवत नाही. पाण्यातून निघालेल्या कोटाला परत आकार द्यायला वेळ लागतो, त्यासाठी ताणून वाफ देणारं वेगळं यंत्र लागतं आणि त्यावर काम करणारा हात हुशार लागतो. ताईसारखा.

आता पार्सलचं. ते मी ऑफिसात टेबलावर उघडलं. पुढच्या टेबलावरची कारकून बाई उठून खिडकी उघडायला गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहाही कोट केमिकलने ओले नव्हते, पण वाळलेही नव्हते. अस्तराच्या आत, खांद्याच्या भरावात ते तसंच मुरलेलं होतं.

दाजी, बांधताना तुम्हाला वास आला नाही?

तुमच्यासारखा हा धंदा समजणारा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणूनच विचारतो. तुम्ही चुकून सोडाल हे शक्य नाही, तेव्हा कारण दुसरं असणार. घरात व्हिनेगर असेल. एका बाटलीत ते आणि एका बाटलीत पाणी भरा, डोळे मिटा आणि कोणाला तरी नाकाखाली धरायला सांगा. एवढं करा.

खातं सध्या हवा मोजायला बोलावलं तर येतं. तारखेआधी दंड नाही, नोंद नाही, फक्त आकडा सांगतात. बोलवा. नाहीतर ताईला विचारा.

मेव्हणा

२१ मार्च

मेव्हण्यास,

अस्तर आवळलं ना. मला एवढंच ऐकायचं होतं.

माझ्या नाकावर जाऊ नकोस. तुझ्या पार्सल गाडीत शेजारी काय ठेवलं होतं ते विचारून घे. इथे कोणी बाटल्या हुंगत बसणार नाही आणि खात्याच्या माणसाला मी आपणहून आवतण देणार नाही.

तुझी ताई शनिवारी तिकडे येते आहे. दोनदा चक्कर आली, परवा जिन्यावर बसून राहिली. डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवस कामापासून लांब राहा. मी म्हटलं भावाकडे जा, तिथे तुझं ऐकणारं कोणीतरी आहे. गाडीत खिडकीजवळ बसवतोय. उतरून घे.

दाजी

९ एप्रिल

दाजी,

ताई आठवड्यातच सावरली. डोकं नाही, चक्कर नाही, सकाळी फिरून येते. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. त्या जपून बोलतात. इतकी वर्षं ती हवा श्वासात गेली असेल तर कारण ते असू शकतं, पण तपासण्यांचे निकाल आल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणाल्या. यकृताचा निकाल यायचा आहे. माझी झोप त्यावर अडकली आहे, तुमचीही अडकू दे.

ताईने मला लिहू नको म्हटलं होतं. लिहितोय.

तुमचं नाक वर्षभरापासून काम करत नाही हे तिला माहीत होतं. एकदा दुकानात वायर जळत होती आणि तुम्ही शेजारी उभे राहून गिऱ्हाइकाशी हिशेबाचं बोलत होतात, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने सांगितलं नाही. मी रागावलो तर म्हणाली, "अरे, त्यांचं नाक म्हणजे त्यांची पदवी आहे. ती फाडून हातात कशी देऊ?"

मग तिने काय केलं ते ऐका. तुम्ही "तयार" म्हणून बाजूला ठेवलेला प्रत्येक कपडा ती तुम्ही जेवायला वर गेलात की मागच्या अंगणात टांगायची. वास गेला की आत आणून इस्त्री करायची. वर्षभर तक्रार आली नाही ती त्यामुळे. जानेवारीपासून तिला ते ओझं उचलवेना, निम्मे कपडे तसेच जाऊ लागले, आणि तुमच्या गिऱ्हाइकांची नाकं नाजूक झाली.

आता ती तिथे नाही. पुढचं तुम्हाला मीच सांगायला हवं असं नाही.

मेव्हणा

१७ एप्रिल

मेव्हणे,

तुझं पत्र येण्याआधीच ते झालं होतं. ती गेल्यापासून दुकानात रोज कोणीतरी कपडा परत टाकत होतं. वकीलबाईही आल्या. कोट काउंटरवर ठेवला, दाराबाहेर पाटीकडे पाहिलं आणि निघून गेल्या. ते बोलण्यापेक्षा वाईट.

पत्र वाचून मी शेजारच्या शिंप्याला बोलावलं. दोन बाटल्या त्याच्या हातात दिल्या, डोळे मिटले. एक नाकाखाली धरली. "पाणी," मी म्हटलं. दुसरी धरली. "हेही पाणीच. चेष्टा करतोस का?" डोळे उघडले तर त्याने स्वतःचं तोंड बाजूला वळवलं होतं आणि बाटली अजून माझ्या मिशीला टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी खात्यात फोन केला. एक तरुण मुलगी आली, हातात मावेल असं यंत्र घेऊन. उंबऱ्यावरच ते वाजायला लागलं. मी म्हटलं, "बिघडलंय वाटतं." ती म्हणाली, "काका, रस्त्यावर नेऊन बघू?" रस्त्यावर गप्प. आत आणलं की वाजतंय. मशीनपाशी आकडा मोठा आला, ते मी समजू शकत होतो. ते रबर केमिकलने फुगून मऊ झालं होतं. मऊ म्हणजे चांगलं, असं मी तुला लिहिलं होतं.

मग मी म्हटलं, "त्या इस्त्रीच्या टेबलाजवळ बघा, ते तर तसं लांब आहे." तिने यंत्र टेबलावर धरलं. मशीनच्या तोंडाशी होता त्यापेक्षा तिथला आकडा जास्त होता. मुलीने इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "काका, हा पंखा कुणी लावला?"

मी लावला. मशीनच्या मागून वारा ओढतो आणि नेमका टेबलावर सोडतो. कोन मोजून लावला होता, तिच्या चेहऱ्यावर यावा म्हणून.

दुपारी मुख्य बटण बंद केलं. पाटी काढली. पोरगी जाताना म्हणाली, "तुम्ही आपणहून बोलावलंत, असं फार कमी लोक करतात." मला ते ऐकून काहीच वाटलं नाही.

यकृताच्या निकालाचं कळव. पत्राने नको, फोन कर. मी वाक्य तोडणार नाही. दुकानाचं काय करायचं ते मला सुचत नाही. हुंगता न येणारा माणूस या धंद्यात काय करणार?

दाजी

२५ एप्रिल

अहो,

निकाल फोनवर कळलाच तुम्हाला. थोडं बिघडलंय, फार नाही, तीन महिन्यांनी परत तपासायचं. त्यावर तुम्ही "हं" म्हणालात आणि फोन ठेवलात, म्हणून मी लिहिते आहे.

पंख्याचं धाकट्या भावाने मला वाचून दाखवलं. त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मला तो वारा आवडायचा.

आता कामाचं. इथे मी नुसती पडून नाही. रोज सकाळी याच्या लाँड्रीत जाते. पाण्याच्या मशीनचं शिकते आहे, दाखला महिनाअखेर हातात पडेल. ताणून वाफ देणारं यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरले, आता माझा हात बसलाय. तुमच्या आवळलेल्या कोटाची बाही मी पुन्हा खाली आणली. अर्धा बोटभर अजून कमी आहे. तुम्हाला दिसेल, दुसऱ्या कोणाला नाही.

मी असं धरून चालले आहे की कोट परत येणार नाहीत. लोक आता साधे कपडे घालतात आणि घरीच धुतात. पण दवाखाने, खानावळी, शाळा यांचे युनिफॉर्म वाढलेत, आणि पडदे, रजया कोणाच्या घरच्या मशीनमध्ये मावत नाहीत. ते सगळं पाण्यातलं काम आहे. लोकरीचा भारी सूट आला तर आपल्याला जमत नाही असं तोंडावर सांगायचं. सुरुवातीला तरी. वकीलबाईंकडे मी स्वतः जाईन.

चालेल का? मला माहीत नाही. रात्री वाटतं, सगळी गिऱ्हाइकं त्या मोबाइलवरून कपडे नेणाऱ्यांकडे गेली तर आपण रिकाम्या ड्रमकडे बघत बसू. सकाळी वाटतं, बघू.

माझ्या दोन अटी आहेत. माझ्या होकाराशिवाय कपडा दुकानाबाहेर जाणार नाही. डाग कसला हे तुम्ही नजरेने आणि बोटाने ओळखा, निम्मं तुम्ही तसंच ओळखता, नाकाचं नाव करता. दोघांपैकी एकाचं नाक चालू असलं तरी दुकान चालतं. आणि दुसरी अट, ते मशीन दारातून बाहेर गेल्याशिवाय मी आत पाय ठेवणार नाही. बंद करून कोपऱ्यात झाकून ठेवलंत तर तुमचा जीव त्याच्याभोवती घुटमळेल. मला माहीत आहे.

तुमचीच

१३ मे

तुला,

मायना काय लिहावा ते सुचेना. तुला पत्र लिहायची ही दुसरी वेळ. पहिलं पत्र लग्न ठरल्यावर लिहिलं होतं, त्यात केमिकल नव्हतं.

मशीन गेलं. परवाना असलेली माणसं आली होती. उरलेलं केमिकल त्यांनी बंद पिंपांत भरलं, गाळण्यांचा गाळ वेगळा बांधला. मशीन दारातून जाईना. मी म्हटलं, आत आणताना चौकट काढली होती, आताही काढावी लागेल. त्यांचा मुकादम म्हणाला, "काका, तुम्ही बाजूला व्हा." झालो. अर्धा तास ओढाताण केली आणि मग चौकट काढली.

फरशीवर ते होतं तेवढा चौकोन उजळ दिसतो. बाकीची फरशी इतकी काळवंडली होती हे मला आजवर कळलं नव्हतं. पंखा उतरवला. मागच्या भिंतीला हवा बाहेर टाकणारा झरोका पाडून घेतला. टेबल दाराजवळ आणलं. वाफेची नळी लांबवावी लागली, सांधा एक वाढला. तोही गळत नाही.

गिऱ्हाइकांना खरं सांगतो: आणखी आठवडाभर बंद, नवं मशीन आलं की पाण्यात धुणार. काही जण बरं म्हणाले. दोघांनी पावती दाखवून कपडे परत नेले. मॅनेजर म्हणाले, "मग तुमची ती खासियत?" मी म्हटलं, "ती गावाला गेली आहे, येईल." खानावळवाल्याने एप्रनचा गठ्ठा दाखवून ठेवलाय, एकदा धुऊन बघतो म्हणतो. एकदाच म्हणाला आहे. त्यावर मी फार बांधलेलं नाही, पण रात्री तोच गठ्ठा डोळ्यांपुढे येतो.

भिंती दोनदा धुतल्या. दारं-खिडक्या रात्रंदिवस उघडी आहेत, मी तिथेच खाट टाकून झोपतो. खात्याची मुलगी परत येऊन मोजून गेली, आकडा उतरलाय, पण भिंतींतून आणखी थोडे दिवस निघत राहील म्हणाली. किती दिवस ते तिलाही सांगता येईना. शिंप्याला विचारलं तर तो म्हणतो, येत नाही वास. पण तो माझं मन राखायला काहीही म्हणेल.

मला काहीच कळत नाही. सकाळी उठतो, दुकानाच्या मधोमध उभा राहतो आणि श्वास घेतो. हवा आत जाते आणि बाहेर येते, एवढंच.

तेव्हा शुक्रवारी तुला उतरून घेतो, पण सामान घेऊन आधी घरी जाऊ. मग दुकानात. मी कुलूप काढून बाजूला उभा राहीन. तू उंबऱ्याबाहेर थांब, घाई करू नकोस. नको म्हणालीस तर मी परत कुलूप लावीन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीन.